चैत्राचं ऊन, दोन गाड्या, तीन घाट

बुधवार संध्याकाळ, उद्यमनगर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सात वाजून गेले तरी लेथची घरघर थांबलेली नव्हती. ज्या गावानं शेतातल्या पंपांची ऑइल इंजिनं बनवली, ज्या गावच्या फौंड्रीत ओतलेले सुटे भाग देशभर गाड्यांमध्ये बसतात, त्या गावात गाडीबद्दल काही विचारायचं झालं तर माणूस उद्यमनगरचीच वाट धरतो. माझे मेस्त्री साठीच्या पुढचे. वडिलांची गाडी त्यांच्याकडेच होती, आता माझी आहे.

बेत असा होता. गुरुवारी पहाटे निघायचं, राधानगरीवरून दाजीपूर गाठायचं, शुक्रवारी फोंड्याच्या घाटानं कोकणात उतरून करूळ घाटानं गगनबावड्याला चढायचं, शनिवारी घर आणि रविवारी जोतिबा. बरोबर मामेभाऊ. माझी गाडी साडेतीनशे सीसीची, हवेवर थंड होणारी, नऊ वर्षं वापरलेली. त्याची दोनशे सीसीची, रेडिएटरवाली, गेल्या दिवाळीतली. घरात सगळ्यांचा एकच सूर होता, "एवढ्या उन्हात गाड्या तापवायच्या कशाला? पाऊस पडल्यावर जावा की." मला मात्र तेच बघायचं होतं. उन्हानं गाडी तापते असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण किती तापते आणि कशानं तापते, हे एकदा स्वतः मोजायचं होतं.

मेस्त्रींनी आधी व्हॉल्व दाबणाऱ्या टॅपेटचं झाकण काढलं, फट मोजायची फिलर गेजची पात आत सारली आणि मान हलवली. "एक्झॉस्टचा गॅप कमी झालाय. आवाज येत न्हाई म्हणून तू खूश, पण व्हॉल्व जळंल तुझा." त्यामागचं कारण साधं आहे. जळालेला वायू बाहेर सोडणारा हा व्हॉल्व इंजिनातल्या सगळ्यात तापणाऱ्या भागांपैकी एक. मिटून सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, टेकला की त्याची बहुतेक उष्णता इंजिनाच्या माथ्यात, हेडमध्ये, उतरते. गॅप कमी असला तर तापून लांब झालेला व्हॉल्व पुरता टेकतच नाही, उष्णता त्याच्या अंगातच राहते. म्हणून टॅपेट थोडं वाजत असेल तर मला आता बरं वाटतं. एकदम चिडीचूप झालं की काळजी वाटते.

मग त्यांनी मला ब्रश आणि रॉकेलचा डबा दिला. ब्लॉकच्या फिन्समध्ये ऊसपट्ट्यातली काळी माती ऑइलबरोबर मुरून विटेसारखी घट्ट बसली होती, विशेषतः धूर बाहेर नेणाऱ्या बेंड पाइपच्या मागं, जिथं पाण्याचा फवारा पोचत नाही. फिन्स असतात त्या हवेला जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून. त्यांच्यामधली फट बुजली की गाडीच्या अंगावर घोंगडं टाकल्यासारखंच. तासभर घासलं तेव्हा कुठं खालचं काळं रंगकाम दिसलं.

ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदललं. मी विचारलं, उन्हाळा आहे, जाड घालायचं का? "पुस्तकात लिवलंय तेच घालायचं," मेस्त्री म्हणाले. माझ्या गाडीला १५ डब्ल्यू ५० लागतं. उन्हाळा आला की बरेच जण २० डब्ल्यू ५० मागतात. पण डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला असतो आणि नंतरचा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं त्याचा. दोन्हीत तो ५०च आहे. म्हणजे तापलेल्या इंजिनात दोन्ही जवळपास सारखीच. जाड ऑइलनं फक्त सकाळी गाडी सुरू होताना ते वर पोचायला उशीर होतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए २ हे मोटरसायकलच्या ऑइलचं मानक लिहिलेलं मात्र बघायलाच हवं, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर प्लेटा घसरू शकतात.

ऑइल ओतून झालं. पातळी दाखवणाऱ्या खालच्या गोल काचेत ते वरच्या रेघेला टेकलेलं दिसलं, आणि तेवढ्यात लाइट गेली. मेस्त्री अंधारातच म्हणाले, "सकाळी चालवून झाल्यावर परत काच बघ. फिल्टर कोरा हाय, त्यो पितोय." मी हो म्हणालो.

गुरुवार

साडेपाचला रंकाळ्यावर भेटलो. पाण्यावरून गार वारा येत होता. मामेभाऊ शिरोलीच्या एका फौंड्रीत काम करतो. लोखंडाचा रस १४०० अंशांच्या आसपास ओतताना बघायची त्याला रोजची सवय, त्यामुळं आमच्या इंजिनाची उष्णता त्याला पोरखेळ वाटते. त्यानं स्वतःची तापमान मोजायची गन आणली होती, पिस्तुलासारखी, लाल ठिपका पाडणारी. "दादा, एक ध्यानात ठेव," तो म्हणाला, "चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर मारलीस तर खोटं दाखवणार, कमीच दाखवणार. काळ्या रंगावर मारायची, आणि दर वेळी एकाच जागी." आम्ही प्लगच्या खालची तिसरी फिन ठरवली आणि शेवटपर्यंत बदलली नाही.

पुईखडी, हळदी, परिते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खोडवा ऊस आणि मधूनच पाटाच्या पाण्याचा वास. पन्नासेक किलोमीटर साठच्या चालीनं गेलो आणि राधानगरीत चहाला थांबलो. हवा २५ अंश. फिनवर १२१. चहा यायच्या आत मामेभावानं पुन्हा गन धरली आणि मला हाक मारली. गाडी बंद होऊन दोन-तीन मिनिटं झाली होती आणि आकडा १२९ झाला होता.

बंद केलेली गाडी आणखी तापली, हे डोळ्यांनी बघेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वारा थांबला, ऑइलचं फिरणं थांबलं, पण पिस्टन, व्हॉल्व आणि हेडच्या पोटात साठलेली उष्णता बाहेर येतच होती. पाच-सात मिनिटांनी आकडा उतरायला लागला. तेव्हापासून थांबायच्या आधीचा शेवटचा किलोमीटर आम्ही हलक्या हातानं, वरच्या गिअरमध्ये चालवायला लागलो. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवायची नाही, एवढं त्या टपरीवरच ठरलं.

राधानगरी धरणावर थोडा वेळ बसलो. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हात घातलेलं हे काम, गावाचं नावही त्यांच्या लेकीवरून. सातही दरवाजे स्वयंचलित. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, माणसानं चाक फिरवायचं नाही. मामेभावाच्या रेडिएटरमधला थर्मोस्टॅटही काहीसा तसाच. कूलंट, म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी, ठरावीक गरम झालं की आतलं मेण फुगतं, वाट मोकळी होते.

दहाच्या आत दाजीपूर. हे जंगल १९५८ साली अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. दुपारभर सावलीत पडून राहिलो. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला एक गवा उभा दिसला, अंग काळं आणि चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आम्ही लांबच गाड्या बंद करून उभे राहिलो. तोही आमच्याकडे बघत राहिला आणि मग सावकाश झाडीत शिरला.

काच बघायची राहून गेली.

शुक्रवार

फोंडा घाट सकाळी सातला उतरलो. उतरताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल पुरता मिटलेला. इंजेक्शनवाल्या गाडीत असं उतरताना पेट्रोलच तुटतं. इंजिन फिरतं पण आत काही जळत नाही आणि वारा लागतच असतो. खाली आलो तेव्हा फिनवर ९७ होतं. माझ्या ब्रेकची डिस्क जेमतेम कोमट होती. मामेभाऊ वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरला होता. त्याची मागची डिस्क गननं दोनशेच्या वर दाखवली. त्याला काही बोलावं लागलं नाही, तो आकडा बघून गप्प झाला.

नऊ वाजता फोंड्यातच हवा चिकट झाली होती. नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागलो, तळेऱ्याला पोचेपर्यंत साडेदहा. वाटेत दोनदा मुद्दाम थांबून खाल्लं, फोटो काढले. तळेऱ्यात सावलीतली हवा ३७. कालसारखीच साठची सरळ चाल ठेवली होती. फिनवर आकडा आला १३१.

मी वही काढली. काल हवा २५ होती आणि फिन १२१, म्हणजे फरक ९६. आज हवा ३७ आणि फिन १३१, म्हणजे फरक ९४. इंजिनाला तेवढीच उष्णता बाहेर टाकायची असेल तर हवेपेक्षा ते तेवढंच गरम राहावं लागतं. हवा बारा अंशांनी चढली तर इंजिनही दहा-बारा अंशांनी चढतं आणि आपलं काम करत राहतं. दहा-बारा अंशांनी ऑइल पातळ होऊन काही बिघडत नाही. घाटावरून कोकणात उतरल्यावर आपल्याला जी भट्टी वाटते, ती हवेवर थंड होणाऱ्या धावत्या इंजिनाला तेवढी वाटत नाही.

रेडिएटरची गोष्ट वेगळी, आणि ती मला उलट वाटायची. पाण्यानं थंड होणारी गाडी उन्हात जास्त निर्धास्त, असा समज. पण त्याचं कूलंट ९० अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. २५ अंशांच्या हवेशी फरक ६५चा, ३७शी फक्त ५३चा. म्हणजे ऊन चढल्यावर रेडिएटरची ताकद जवळजवळ पाचव्या हिश्शानं घटते. त्याच्याकडे पंखा आहे आणि थर्मोस्टॅट आहे, म्हणून ते भरून निघतं. पण जाळीत चिखल, मेलेले किडे आणि ऊसपाचोळ्याचा भुसा अडकला असेल, किंवा कूलंटऐवजी कुणी नळाचं पाणी भरलं असेल, तर सगळ्यात आधी हीच गाडी हात वर करते. त्याची जाळी आम्ही तळेऱ्यातच मऊ ब्रशनं साफ केली. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे मात्र मी त्याला दोनदा बजावलं. दाबाखाली असतं म्हणून ते उकळत नाही. झाकण सैल केलं की त्या क्षणी उकळतं आणि सरळ तोंडावर येतं.

गाडीपेक्षा त्या दिवशी जपायला हवं होतं ते आम्हालाच. कातडीचं तापमान साधारण ३५. हवा त्याच्या वर गेली की वारा अंगाला थंड करत नाही, तापवतो. थंडावा मिळतो तो फक्त घाम वाळण्यातून, आणि कोकणच्या दमट हवेत घामही नीट वाळत नाही. म्हणून बाह्या उघड्या टाकून गाडी चालवणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. सुती शर्ट भिजवून घालायचा, वर जाळीचं जॅकेट, गळ्याला ओला पंचा. तासाभरात सगळं वाळतं, पुन्हा भिजवायचं. कोकम सरबताचे चार-चार ग्लास प्यालो, मीठ घालून. साडेअकरा ते साडेचार एका आंब्याखाली झोपलो. मामेभावाला वैभववाडीपर्यंत पुढं जायचं होतं, मी ऐकलं नाही. चक्कर यायला लागली, डोकं जड झालं, घाम यायचा थांबला तर तिथून पुढं माणूस गाडी चालवायच्या लायकीचा राहत नाही.

पाचला करूळ घाटाच्या पायथ्याशी. ऊन कलतं होतं पण दगड दिवसभराचे तापलेले. पहिल्या दोन वळणांतच माझ्या इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मी चौथ्या गिअरमध्ये होतो, थ्रॉटल जवळजवळ पुरता ओढलेला आणि गाडी कशीबशी चढत होती. हे नॉकिंग. इंजिन कमी फिरत असताना त्याच्यावर पुरा भार टाकला की आतला दाब आणि उष्णता इतकी चढते की प्लगच्या ज्योतीची वाट न बघता कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. बाहेरची हवा आधीच गरम असली की हे लवकर होतं.

तेवढ्यात एक शंभर सीसीची जुनी गाडी आम्हाला ओलांडून गेली. पुढं पन्नाशीचा माणूस, मागं बायको, दोन्ही बाजूंना पोत्यात फणस. दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत घुमत निघून गेली. वरच्या एका वळणावर ते दोघं वाऱ्याला थांबले होते. सासुरवाडी वैभववाडीची, घर गगनबावड्याजवळ. महिन्यातून दोनदा हा घाट.

"आवाज आला तुमच्या गाडीचा," तो म्हणाला. "पावणं, घाटात गाडीला वढाय लावायचं न्हाई, पळाय लावायचं. खालचा गिअर टाका आन फिरू दे तिला."

बायकोनं पिशवीतली करवंदं ओंजळभर आमच्या हातावर ठेवली. पिकलेली, चीक अजून ओला. मी पुढचा सगळा घाट दुसऱ्यात चढलो. आवाज गेला तो गेलाच. गगनबावड्यात फिनवर १४३. जास्त फेरे म्हणजे जास्त ताप, असा माझा वर्षानुवर्षांचा समज. फेरे वाढले की जळण वाढतं हे खरं. पण ऑइलही जास्त फिरतं, प्रत्येक स्फोटावरचा भार कमी होतो आणि गाडीचा वेग राहिल्यानं वारा लागतो.

रात्री गगनबावड्यात पांघरूण घ्यावं लागलं.

शनिवार

सकाळी गगनगडावर जाऊन आलो. दुपारनंतर निघालो, साळवणला चहा. कळ्याच्या अलीकडे आभाळ भरून आलं आणि वळवानं झोडपलं. थेंब बेंड पाइपवर पडून चर्रचर्र वाजत होते, पायाशी वाफ आणि मातीचा वास.

मामेभावानं विचारलं, "दादा, गरम इंजिनावर पाणी टाकू नये म्हणतात, मग हा पाऊस?" चांगला प्रश्न होता. धावत्या गाडीवर पाऊस थेंबाथेंबानं आणि सगळीकडे पडतो, वारा तो पसरवतो, आणि आतून उष्णता येतच असते. उभ्या, तापलेल्या गाडीवर बादली ओतली की एकच जागा क्षणात आक्रसते आणि शेजारचा धातू तसाच फुगलेला राहतो. फिनला तडा जायचा असतो तो तेव्हा.

बालिंग्याचा पूल, फुलेवाडी, रंकाळा. हवा धुतल्यासारखी. घरी येऊन जेवलो आणि झोपलो. टायरची हवा बघितली, चेनला तेल दिलं. काच नाही बघितली.

रविवार

चैत्र यात्रा होऊन गेली होती, तरी पाकाळणीचा, यात्रेनंतर देऊळ धुण्याचा, रविवार म्हणजे डोंगरावर गर्दी असणारच. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेनऊला. शिवाजी पूल ओलांडला, केर्लीच्या फाट्यावरून उजवीकडे वळलो आणि अर्ध्या किलोमीटरवर चाक थांबलं.

पुढं टेम्पो, ट्रॅक्टर, जीपगाड्या. टेम्पोत उभी माणसं गुलाल उधळत होती, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" एका गाडीतून उठायचं आणि मागच्या दहा गाड्यांतून परत यायचं. हवा ३६. कोकणापेक्षा अंशानं कमीच. चढावर वीस पावलं पुढं, मग थांबणं, मग दहा पावलं. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, पाय जमिनीला.

पहिल्या दहा मिनिटांत फिनवर १४६. करूळचा सगळा घाट चढून १४३ आलं होतं, ते आठवलं. वीस मिनिटांनी १६१. मामेभावाच्या गाडीचा पंखा सतत चालू, त्याच्या उजव्या मांडीवर गरम झोत. मीटरवरच्या पट्ट्या एकेक करत वर चढत होत्या, पण पंखा त्यांना धरून होता. माझ्या गाडीला पंखा नाही. तिचा पंखा म्हणजे तिचं चालणं.

आणि नुसतं उभं राहणं असतं तरी एक वेळ चाललं असतं. अर्ध्या क्लचवर प्लेटा एकमेकींवर घासतात आणि ती उष्णता ज्या ऑइलमध्ये त्या बुडालेल्या असतात, त्यातच जाते. तेच ऑइल वर जाऊन पिस्टन आणि हेड थंड करणार. म्हणजे घाम पुसायचा पंचाच आपण चुलीवर ठेवलेला.

अर्ध्या तासानं गाडी बोलायला लागली. न्यूट्रल सापडेना, गिअर लोण्यात काठी घातल्यासारखा लागायचा. क्लचच्या लिव्हरचा मोकळा खेळ बदलला, पकड अगदी टोकाला आली. मग जळक्या पुठ्ठ्यासारखा वास आला. मामेभावानं वाकून गन धरली. १७६.

मी डावीकडे वळवली, एका करंजाच्या सावलीला नेली आणि बंद केली.

लोक जमले. आपल्याकडे गाडी बंद पडली की माणसं थांबतात, ही माया मला फार मोठी वाटते. एक आजोबा पंच्यानं इंजिनाला वारा घालायला लागले. टेम्पोतून उतरलेला एक तरुण कळशी घेऊन धावत आला. त्यानं कळशी उचललीसुद्धा. मी दोन्ही हात पुढं केले. "भावा, तिच्यावर नको, माझ्या डोक्यावर ओत." त्यानं खरोखर ओतली. त्या पाण्याइतकं गार मला त्या आठवड्यात काही लागलं नाही.

पंधरा मिनिटांनी गाडी सपाट जागी नेऊन सरळ उभी धरली आणि बुधवारनंतर पहिल्यांदा गुडघे टेकून काच बघितली. ऑइल खालच्या रेघेच्याही खाली होतं. गाडी कलती केली तेव्हा कुठं तळाशी काळी कड हलली.

मेस्त्रींनी अंधारात सांगितलेलं तेव्हा कानात वाजलं. नवा फिल्टर आपल्या पोटात ऑइल भरून घेतो. म्हणून बदलल्यावर गाडी चालवायची, बंद करून पाच मिनिटं थांबायचं आणि मग काच बघून कमी पडलेलं घालायचं. मी तो घोट कधी भरलाच नाही. त्यावर पिस्टनच्या नऊ वर्षांच्या रिंगांनी कोकणात आणि घाटात थोडं जाळलं. चार दिवस मी गन घेऊन फिनवरचा आकडा वहीत लिहीत होतो आणि त्याच्या वीतभर खालची काच बघत नव्हतो. धावताना वाऱ्यानं सांभाळून घेतलं. उभं राहिल्यावर उरलेल्या थोड्या ऑइलवर सगळा भार आला. आणखी दहा मिनिटं ओढली असती तर पिस्टन जाम झाला असता आणि मी हे वेगळ्या मनानं लिहीत असतो.

पिशवीत त्याच ऑइलची अर्ध्या लिटरची बाटली होती. घाई न करता, फिन साठ अंशांवर आल्यावर, साडेतीनशे मिली लागलं तेव्हा काच निम्म्याच्या वर भरली. चालू केली. आधी कान देऊन ऐकली, टॅपेटचा तोच बारीक टिकटिक आवाज. मग बंद केली.

गाड्या तिथंच करंजाखाली ठेवल्या आणि उरलेली चढण पायी चाललो. मुंबईहून आलेलं एक कुटुंब बरोबर होतं, थोरली बाई अनवाणी, हातात सासनकाठीला बांधायची निशाणं. ती म्हणाली, पूर्वी सगळे चालतच यायचे. देवळात पोचलो तेव्हा दगडी फरशी गुलालानं लाल झालेली आणि पाय भाजत होते. दर्शन झालं, दवण्याचा वास हाताला लागून राहिला.

साडेचारला उतरलो. दुसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल मिटून, वाट मोकळी. केर्लीत फिनवर १०४.

रात्री अंगणात बल्ब लावून बसलो, ब्रश आणि रॉकेल घेऊन. गुलाल ऑइलच्या ओलीला धरून प्रत्येक फिनच्या मुळाशी बसला होता, बेंड पाइपच्या मागं सगळ्यात जास्त. मामेभाऊ समोर पाटावर बसून बॅटरी धरत होता. त्यानं सवयीनं गन उचलली आणि आधी भिंतीवर मारली, २९. मग फिनवर मारली, २९. घासलेलं रॉकेल फरशीवरून मोरीकडे वाहत होतं, कुंकवासारखं लाल.